लीलवा फ्रीझरमध्ये, चणा-मेथी बरणीत

माझी भाची बडोद्याजवळ भायलीला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि तिला साठवणाचा नाद लागला. व्हिडिओ बघून तिने काचेच्या बरण्या मागवल्या, दोन भागांच्या झाकणांच्या. वर चपटी चकती, तिच्या कडेला रबरासारखा थर आणि वरून फिरवायची कडी. परवा तिने विचारलं, "मावशी, थंडीत लीलवा स्वस्त असतात तेव्हा मिठाच्या पाण्यात उकळून या बरण्यांमध्ये भरून ठेवले तर वर्षभर टिकतील ना? फ्रीझरमध्ये जागाच उरत नाही गं."

मी तिला तिथल्या तिथे सांगितलं, नाही. मग फोनवर बराच वेळ का नाही ते सांगत बसले. तेच इथे नीट लिहून काढते आहे, कारण हाच प्रश्न आता मला बऱ्याच जणी विचारतात आणि उत्तर चुकलं तर ते जिवावर बेतणारं आहे.

लीलवा म्हणजे तुरीचे ओले हिरवे दाणे. डिसेंबर-जानेवारीत खंडेराव मार्केटात सोललेल्या दाण्यांचे ढीग लागतात, आणि उंधियो असो की लीलवानी कचोरी, बडोद्याच्या घरात, मग ते मराठी का असेना, या दाण्यांवाचून थंडी जात नाही. पण हे दाणे आंबट नाहीत. मटार, मका, फरसबी, गाजर, बटाटा, उकडलेली कडधान्यं, सगळी याच जातीची. अशी कमी आंबट वस्तू ओली, शिजवलेली, हवाबंद आणि फ्रीजच्या बाहेर, या चारही गोष्टी एकत्र आल्या की क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाच्या जिवाणूला हवं ते सगळं मिळतं.

हा जिवाणू मातीत असतो. त्याची बीजं भाजीवर, शेंगेवर आपोआप येतात आणि एरवी आपल्याला काही करत नाहीत. (तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये असं डॉक्टर सांगतात ते याच बीजांमुळे. बाळगुटीत मध घालणाऱ्या आज्यांना मी हे हात जोडून सांगते.) ही बीजं पाणी उकळलं तरी मरत नाहीत. १०० अंशांवर तासभर उकळा, त्यांतली काही तग धरतात. उलट उकळल्याने बाकीचे जीवजंतू मरतात, बरणीतली हवा निघून जाते, आणि या एकट्याला मोकळं रान मिळतं. त्याला हवा नकोच असते. तो बरणीत वाढतो आणि विष तयार करतो. त्या विषाचा थेंबाहूनही कमी अंश माणसाच्या नसा लुळ्या पाडतो. पापण्या मिटायला लागतात, एकाचे दोन दिसतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास घेता येत नाही. आणि पुष्कळदा अशा बरणीला वास येत नाही, रंग बदलत नाही. आपण वास घेऊन, चाखून ठरवतो, ती सवय इथे उपयोगाची नाही.

हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याकडे कुठे, असं कोणी म्हणालं की मी १९९६ ची आठवण देते. गुजरातमधल्याच एका निवासी शाळेत मुलं आजारी पडली होती आणि संशय शेवेवर गेला होता. तपासात याच कुळातल्या दुसऱ्या जिवाणूचं, याच जातीचं विष समोर आलं. आपल्याकडे असे आजार कमी दिसतात, कारण आपल्या आज्यांनी कमी आंबट ओली वस्तू कधी हवाबंद करून ठेवलीच नाही. त्यांनी ती वाळवली, नाहीतर खारवली, नाहीतर आंबट केली.

मी इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात होम सायन्सला होते. ते विद्यापीठ १९४९ चं, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू, आणि आमची फॅकल्टी १९५० ची. प्रॅक्टिकलला जॅम, स्क्वॉश, केचप करायचो. तिथे आमच्या बाईंनी फळ्यावर एक आकडा लिहिला होता, ४.६. पीएचचा, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा. त्याच्या खाली, म्हणजे जास्त आंबट असलेल्या वस्तूत बॉट्युलिनमची बीजं रुजत नाहीत. त्याच्या वर रुजतात. साठवणाचं सगळं शास्त्र मला त्या एका आकड्यावरून समजलं. कच्ची कैरी तीनच्या आसपास किंवा त्याच्याही खाली. लिंबू त्याहून खाली. लीलवा सहाच्या पुढे.

मग भाचीने विचारलं, "प्रेशर कुकरमध्ये बरण्या ठेवून शिट्ट्या केल्या तर?" प्रश्न हुशारीचा आहे. बीजं मारायला १२१ अंशांच्या आसपासची उष्णता लागते आणि ती वाफेच्या दाबाखालीच मिळते. डबाबंद मटार कारखान्यात तसेच करतात. परदेशात घरच्यासाठी मोठे प्रेशर कॅनर मिळतात, त्यांवर दाबाचा काटा असतो आणि प्रत्येक भाजीला, प्रत्येक मापाच्या बरणीला किती मिनिटं ते तपासून ठरवलेलं असतं. आपला कुकर आतून साधारण तेवढा तापतो हे खरं, पण तो झटकन तापतो आणि झटकन निवतो. बरणीच्या मधोमध असलेल्या दाण्यापर्यंत ती उष्णता किती वेळ पोचली हे आपल्याला कळायला काही मार्ग नाही. चार शिट्ट्या की सहा, हा अंदाज वरणाला चालतो. इथे मी अंदाजावर कोणालाही जाऊ देणार नाही.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येते, ती म्हणजे खाटुं पाणी.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा समोरच्या बा दर उन्हाळ्यात अथाणी घालायच्या आणि मला हाताखाली घ्यायच्या. कैरीच्या फोडींना मीठ-हळद लावून एक-दोन दिवस ठेवलं की फोडी पाणी सोडतात. आम्ही मराठी माणसं ते पाणी लोणच्यातच राहू देतो, नाहीतर उरलं तर आमटीत घालतो. बा ते पाणी सोन्यासारखं जपायच्या. फोडी काढून कपड्यावर पसरायच्या, आणि त्या पिवळ्याधमक आंबट-खारट पाण्यात केरडां घालायच्या, गुंदे घालायच्या, गरमर घालायच्या. केरडां म्हणजे काटेरी झुडपाची छोटी हिरवी फळं. गुंदे म्हणजे आपली भोकरं. आत चिकट बी असते, ती मिठात बुडवलेल्या काडीने काढायची, नाहीतर बोटं चिकटून बसतात. गरमर ही मुळं असतात, बोटभर लांब, मातकट वासाची. चरोतराकडची माणसं त्यांच्यावर जीव टाकतात, आणि मलाही आता ती इतकी आवडतात की उन्हाळ्यात बाजारात दिसली नाहीत तर चुकल्यासारखं होतं.

एकदा मी बांना विचारलं होतं, गरमर नुसत्या मिठाच्या पाण्यात का नाही ठेवत? त्या म्हणाल्या, "बेटा, ए तो बगडी जाय. एने खटाश जोईए." मूळ म्हणजे मातीतली वस्तू, कमी आंबट. नुसत्या मिठावर तिचा भरवसा नाही, तिला आंबटपणा हवा. पीएच हा शब्द बांनी कधी ऐकला नव्हता, पण फळ्यावरच्या त्या आकड्याच्या कुठल्या बाजूला राहायचं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी नंतर मुरलेली गरमर ठेचून तिच्यावर पीएचची पट्टी धरली. रंग चारच्या खालचाच आला. तेव्हापासून ही पट्ट्यांची छोटी डबी माझ्या मसाल्याच्या कपाटात कायम असते. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात ती मिळते आणि महाग नसते. एक मात्र आहे, पट्टी पाण्यात बुडवून समाधान मानू नये. पाणी लगेच आंबट दिसतं, फोडीचा गाभा आंबट व्हायला दिवस लागतात. गाभाच तपासायचा.

छुंद्याचं तत्त्व निराळं. तिथे आंबटपणा आहेच, पण खरं राखणदार साखर. राजापुरी कैरी किसायची, किलोभर किसाला सव्वा ते दीड किलो साखर, मीठ, हळद. रात्रभर ठेवायचं, साखर विरघळली की पातेल्याच्या तोंडाला पातळ सुती कापड बांधून अगाशीत ठेवायचं. रोज संध्याकाळी आत आणायचं, रोज सकाळी कोरड्या उलथन्याने हलवून परत उन्हात. बडोद्याच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि पातेलं हात लावू देत नाही. आठ-दहा दिवसांत पाक एकतारी होतो, कीस काचेसारखा दिसायला लागतो, मग तिखट आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. गॅसवर हेच वीस मिनिटांत होतं आणि हल्ली बहुतेक घरी तसंच करतात. मला ते मान्य नाही. गॅसवर कीस शिजतो आणि मऊ पडतो. उन्हात तो न शिजता पाणी सोडतो, त्याच्या जागी साखर आत शिरते, आणि दाताखाली येणारी ती किंचित कुरकुर वर्षाच्या शेवटपर्यंत राहते. शिवाय पाणी सावकाश उडत असल्यामुळे पाक पुढे जाऊन दगड होत नाही. साखर दोन तृतीयांशाच्या आसपास पोचली की उरलेलं पाणी साखरेनेच धरून ठेवलेलं असतं, बुरशीला प्यायला पाणी उरत नाही. म्हणून साखर कमी करून "हेल्दी छुंदो" करायचा असेल तर जरूर करावा, पण तो फ्रीजमध्ये ठेवावा आणि महिन्याभरात संपवावा.

माझ्या फळीवर छुंद्याशेजारी आईच्या पद्धतीचं लोणचं असतं. मोहरीची डाळ, हिंग, हळद, थोडी मेथी, आणि किलोभर फोडींना साधारण दीडशे ग्रॅम मीठ. त्यापलीकडे मेथिया केरी, तिच्यात मेथीचे आणि राईचे कुरिया, म्हणजे भरडलेली डाळ. खंडेराव मार्केटात मे महिन्यात सूडो, म्हणजे मोठा अडकित्ता, घेऊन बसलेली माणसं कोयीसकट फोडी करून देतात, घरच्या विळीने ते होत नाही. तेल गरम करून पूर्ण गार करायचं आणि फोडी बुडतील एवढं ओतायचं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तेल काही मारत नाही, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. तेल फक्त हवा अडवतं, म्हणजे बुरशी अडते. लोणचं टिकतं ते मीठ आणि आंबटपणामुळे, आणि मोहरीचा झणझणीतपणाही मदत करतो. म्हणूनच सोललेला लसूण नुसत्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवायची जी टूम निघाली आहे तिची मला भीती वाटते. लसूण जमिनीखालचा, कमी आंबट, आणि तेलाने हवा तोडलेली. म्हणजे लीलवाच्या बरणीचाच प्रकार. लसूण-तेल हवंच असेल तर थोडं करावं, फ्रीजमध्ये ठेवावं आणि तीन-चार दिवसांत संपवावं.

भाचीच्या बरण्या वाया जाणार नाहीत. त्यांत तिने टोमॅटो भरावेत. टोमॅटो बरोबर काठावरची वस्तू आहे, पीएच साधारण ४.३ ते ४.९. पिकलेला, गोडसर, संकरित टोमॅटो कधी रेषेच्या वर जातो ते सांगता येत नाही, म्हणून त्याला आंबट करूनच भरायचं. अर्ध्या लिटरच्या बरणीत पाव छोटा चमचा लिंबाची फुलं (सायट्रिक ॲसिड), खमण करताना वापरतो तीच, किंवा एक मोठा चमचा बाटलीतला लिंबाचा रस. बाटलीतला अशासाठी की त्याचा आंबटपणा ठरलेला असतो, ताज्या लिंबाचा कमीजास्त होतो. ठेचून उकळलेला टोमॅटो गरमच भरायचा, वर अर्धा इंच जागा सोडायची, काठ स्वच्छ पुसायचा, आणि बरणी पूर्ण बुडेल एवढ्या उकळत्या पाण्यात ३५ मिनिटं. हे बडोद्याचं माप, कारण आपण समुद्रसपाटीपासून जेमतेम ३५-४० मीटरवर आहोत. माझी धाकटी जाऊ इंदूरची. तिचं माहेर साडेपाचशे मीटर उंचीवर, तिथे पाणी शंभराच्या आतच उकळतं, म्हणून तिकडे ४० मिनिटं. चकती एकदाच वापरायची, कडी आणि बरणी पुन्हा पुन्हा चालतात. गार झाल्यावर चकती मध्ये खाली बसलेली हवी. पुढे कधी ती फुगलेली दिसली, तर उघडून चाखायला जायचं नाही, बरणी तशीच टाकायची.

लीलवांचं उत्तर मात्र फ्रीझरच. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, मग कपड्यावर पूर्ण कोरडे. उकळत्या पाण्यातली ती दोन मिनिटं टाळली तर दाण्यातली एन्झाइम्स थंडीतही काम करत राहतात आणि मार्चपर्यंत दाण्याला गवतासारखी चव येते. रंगासाठी काही जणी पाण्यात सोडा टाकतात. नको, त्याने बी-१ जीवनसत्त्व जातं आणि साल पिठूळ होते. चपट्या पिशव्यांत पातळ थर करून ठेवले तर जागाही कमी लागते. जागेची तिची तक्रार अशाने बरीचशी मिटेल.

फ्रीझरची एक दुखरी बाजू आम्ही ऑगस्ट २०२४ मध्ये पाहिली. विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं आणि आमच्या भागातली वीज गेली ती लवकर आलीच नाही. गच्च भरलेला फ्रीझर न उघडता दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. त्यानंतर त्यातलं सगळं टाकावं लागतं, आणि आम्ही टाकलं. त्या दिवसांत गॅस होता, तांदूळ आणि वसदची तूरडाळ होती, आणि फळीवरच्या बरण्या होत्या. खिचडी, मेथिया केरी, कधी छुंदो, कधी गुंदे. माणसं माडीवर अडकलेली असताना त्या बरण्यांची किंमत मला जेवढी कळली तेवढी आधी कधी कळली नव्हती. तळमजल्यावरच्या बेनच्या बरण्या मात्र पाण्याखाली गेल्या होत्या. तेल तसंच वर दिसत होतं, झाकणं लागलेली होती, म्हणून त्यांना त्या ठेवायच्या होत्या. मी त्यांच्याबरोबर बसून एकेक रिकामी करवली. पुराचं पाणी लागलेली घरची बरणी ठेवायची नाही, ती कितीही घट्ट दिसो. त्यांच्या सासूबाईंच्या हातची जुनी लिंबंही होती त्यांत. त्या रडल्या, मलाही भरून आलं. तेव्हापासून आमच्या दोघींच्या बरण्या माझ्याकडे माडीवर असतात.

धान्याबद्दल एकच सांगते. भालिया गव्हाला दिवेल (एरंडेल) चोळून कोठीत भरा, कडुलिंबाचा पाला घाला, ऊन दाखवा, काही करा, पण सल्फासची, म्हणजे धान्यातल्या किडीच्या विषाची गोळी घरात आणू नका. तिच्यातून निघणारा वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो.

आणि भाचीसाठी, तिला फ्रीजबाहेर टिकणारा दाणाच हवा होता म्हणून, बांच्या हातची चणा-मेथी. मे महिन्यात दोन किलो राजापुरीच्या फोडींना तीनशे ग्रॅम मीठ आणि चमचाभर हळद लावून दोन दिवस झाकून ठेव, दिवसातून दोनदा खालीवर कर. फोडी काढून सावलीत कपड्यावर पसर. सुटलेल्या पाण्यात मूठभर मेथीदाणे आणि दोन मुठी देशी चणे भिजत घाल. साध्या पाण्यात आधी भिजवायचे नाहीत. साधं पाणी प्यायलेला चणा नंतर आंबट पाणी पुरेसं ओढत नाही. कोरडा चणा जे पहिलं पाणी पितो ते खाटुं पाणीच हवं, म्हणजे आंबटपणा गाभ्यापर्यंत जातो. रात्रभरात ते टपोरे फुगतील. एक चणा ठेचून पट्टी लाव, चारच्या खाली आला तरच पुढे जा, नाहीतर आणखी एक दिवस ठेव. मग दाणे आणि फोडी कपड्यावर हाताला ओल लागणार नाही इतपत सुकव, मेथी-राईचे कुरिया, हिंग, तिखट कालव, चिनी मातीच्या बरणीत दाबून भर आणि गार केलेलं सिंगतेल (शेंगदाण्याचं तेल) दोन बोटं वर येईल एवढं ओत. पंधरा दिवस हात लावू नकोस. पहिल्या आठवड्यात चणे तेल पितात आणि पातळी खाली जाते, तेव्हा रोज बघ आणि लागेल तसं घालत जा. पट्ट्यांची डबी माझ्याकडे जास्तीची आहे, रविवारी येशील तेव्हा घेऊन जा.